माझ्या वाट्याचं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! तळेगाव चौकात कंटेनरांच्या मागे रिक्षा इतका वेळ अडकली, की रिक्षावाल्याने मेव्हण्याच्या लग्नातली सगळी भांडणं मला सांगून संपवली. पण आज कशाचाच राग येत नाहीये. माहेरी राहायला आलेय. शेवटचं कधी राहिले होते, आठवतही नाही.

दिवाळीला कंपनीतून मिळालेली ही डायरी कोरीच होती. डॉक्टरांनी सांगितलंय, आबांचं वजन आणि पोटाचा घेर रोज लिहीत जा. लिहायचंच आहे तर मग बाकीचंही लिहिते. एरवी दिवसभर ब्रेकचे पार्ट हातात घेऊन बघायचे, चांगल्याला हिरवा टॅग, खराबाला लाल, एवढंच माझं लेखन.

दादाचा बंगला पहिल्यांदाच आतून पाहिला. जमीन विकून बांधलाय. खांबांना सोनेरी रंग, दारात सिमेंटचे दोन सिंह, त्यातल्या एकाचं नाक उडालेलं. कंपनीत असता तर लाल टॅग लावून परत पाठवला असता. दादा आणि वहिनी मुलांच्या शाळेसाठी पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये राहतात. आबा इथे एकटे. परवा दादाचा फोन आला, तनू, तुझ्याशिवाय कोण आहे गं त्यांना? मी बिनपगारी रजा टाकली. काळेवाडीच्या घरी नवरा बन्सी आणि लेक पुनम आहेत. ह्यांची सेकंड शिफ्ट, त्यामुळे स्वयंपाक पुनमच्या गळ्यात. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण बॅग भरून देताना मलाच दम देत होती, आजोबांवर ओरडू नकोस, ते काही तुझे पार्ट नाहीत.

आबांचा पलंग हॉलच्या मधोमध टाकलाय, बाथरूम जवळ पडावं म्हणून. हातपाय काटक्यांसारखे झालेत, पोट मात्र तट्ट. बेंबी बाहेर आलीय, डोळे हळदीचे. मला बघून हसले. ‘आली व्हय गं?’ म्हणाले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवसांत हात बसला. सकाळी वजन, मग गोळ्या, मग ते गोड सिरप. सिरपने जुलाब होतात, आणि ते व्हायलाच हवेत, नाहीतर विष डोक्यात चढतं आणि माणूस बरळायला लागतो. डॉक्टरांनी नीट समजावलं. दारूने लिव्हर दगड झालंय, त्यामुळे पाणी पोटात झिरपून साठतं. मीठ खाल्लं की पाणी वाढणार. म्हणून मीठ बंद. आळणी वरण बघून आबांनी मला अशी शिवी दिली की कानाला बरं वाटलं, अजून धमक आहे म्हणायची.

डॉक्टरांनी एक युक्तीही दाखवली. पोटाच्या एका बाजूला तळहात ठेवायचा, दुसऱ्या बाजूला टिचकी मारायची. आतून लाट येते आणि तळहाताला धडकते. धडकली म्हणजे पाणी आहे.

आज त्यांना पुसताना डोक्यात तिडीक गेली. हा माणूस जमीन होती तोवर थेंबाला शिवत नव्हता. जमीन गेली, बैल गेले, करायला काही उरलं नाही, मग बाटली धरली. आणि ती जमीन विकताना कागदावर यांना एकच मूल होतं, दादासाहेब. मी नव्हतेच. इतर बहिणींना निदान हक्कसोडीवर सही करायला बोलावतात, एखादी साडी देतात, जेवू घालतात. मला तेवढंही नाही. जमीन विकताना मी नव्हते, गू काढताना आहे.

लिहिलं आणि हलकं वाटलं. आबा झोपलेत. तोंड उघडं टाकून झोपतात, लहान पोरासारखे.

९ फेब्रुवारी, रविवार

यशोदाकाकूशी भांडण झालं. काकू म्हणजे आबांच्या चुलतभावाची बायको, पलीकडच्या गल्लीत राहते. भेटायला आली ती उडदाचे पापड आणि लोणच्याची बरणी घेऊन. मी चहा टाकायला वळले तर हिने आबांच्या तोंडात पापड दिलेला! मी बोट घालून तो बाहेर काढला आणि तिला नको नको ते बोलले. पापड नाही, पाणी भरवतेस तू त्यांच्या पोटात, असंही म्हणाले. ती आबांकडे बघतच नव्हती, पलंगाखालच्या फरशीकडे बघत होती. खाट इथंच का टाकली, म्हणून विचारलं. बाथरूम जवळ पडतं म्हणून, मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि निघून गेली.

मिठाचा कण पोटात जात नाही तरी वजन वाढतंय. भर दुपारी आबा मला म्हणाले, ‘पोरी आल्यात गं. भिजल्यात सगळ्या. टावेल दे त्यास्नी.’ कोण पोरी, विचारलं तर बोट पोटाकडे. डॉक्टरांना फोन केला. अमोनिया वाढला की असं बोलतात म्हणे, सिरप वाढवा. वाढवलं. धुणंही वाढलं.

दादाचा फोन नाही. वहिनीने मात्र ‘गेट वेल सून’चं गुलाबाचं चित्र पाठवलंय. बाईने सासऱ्याला मोबाईलवरून फूल वाहिलं!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज हॉस्पिटलात नेऊन पोटातलं पाणी काढलं. सुई लावली, नळी जोडली, पिशवी भरत गेली. पिवळसर, पातळ, काळ्या चहात पाणी जास्त झाल्यासारखं. नर्सने पिशवी उचलली आणि पटकन खाली ठेवली. मला म्हणाली, ताई, हात लावून बघा. मी लावला. गार होतं. नुसतं गार नाही, उन्हाळ्यात खोल विहिरीतून शेंदलेलं असतं तसं गार. शरीरातून आलेलं पाणी कोमट असतं, ती म्हणाली, मी इतकी वर्षं काढतेय. मग स्वतःच म्हणाली, एसीमुळे असेल.

मधेच नळी तुंबली. नर्सने मोकळी केली तर हिरवट तंतू निघाला. तिने तो कापसात गुंडाळला आणि टाकून दिला. मी बघितलंय तो. माझं कामच बघायचं आहे. ते शेवाळ होतं.

घरी आणलं तेव्हा आबांचं पोट आत गेलेलं, बरगड्या दिसत होत्या. गाढ झोपले. उद्या दुपारपर्यंत तरी निवांत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पोट पुन्हा भरलं. एका रात्रीत. काल होतं त्याहून मोठं. डॉक्टर फोनवर म्हणाले असं होत नाही, तुमचं वजन घेताना चुकलं असेल. माझं? मी मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडते, माझं चुकलं असेल!

१६ फेब्रुवारी, रविवार

हे शांतपणे लिहायचंय.

दुपारी जेवण झाल्यावर मी टिचकी मारून बघत होते. एक टिचकी मारली. लाट आली, तळहाताला धडकली. मग दुसरी आली. मग तिसरी. मी हात काढला नाही. सात आल्या, एकीमागून एक, पोरी ओळीने उड्या मारतात तशा. आबा झोपलेले. मग मी काहीच केलं नाही, नुसता तळहात ठेवून बसले, आणि तरी आतून कुणीतरी टिचकी मारली.

बाहेर पळाले. कंपाउंडबाहेर गोदामाचे ट्रेलर उभे होते, ड्रायव्हर स्टोव्हवर भात लावत होते, लख्ख ऊन. तिथे उभी राहून मी घराकडे वळून पाहिलं आणि मला जांभूळ दिसलं. आमचं जुनं जांभूळ, कंपाउंडच्या भिंतीत अर्धं चिणलेलं. त्याच्या सावलीत आमची विहीर होती. लहानपणी जांभळं पडून तिचं पाणी जांभळं व्हायचं. मी झाडापासून चालत आत आले, जशी तेव्हा घागर घेऊन यायचे तशी. विहिरीच्या काठावर यायला हवं तिथे थांबले.

समोर आबांचा पलंग होता.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, हो, विहीर बुजवूनच बंगल्याची प्लिंथ घेतली, कंपनीचा राडारोडा फुकट मिळाला, त्यात काय एवढं?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काकूच्या घरी गेले. आधी पापडाची माफी मागितली. मग विचारलं. तिने दार लोटून घेतलं आणि बोलायला लागली.

विहिरीत साती आसरा होत्या, पाण्यातल्या सात देवी. एवढं मलाही माहीत होतं, आई दर वर्षी काठावरच्या शेंदरी दगडांना दहीभात दाखवायची. मला माहीत नव्हतं ते पुढचं. विहीर बुजवायची तर आसरांना आधी उठवून दुसऱ्या पाण्यावर न्यायचं असतं. ‘आन् त्या लेकीच्याच हातानं उठत्यात. सुनंच्या न्हाई, ल्योकाच्या न्हाई. लेक कशी, एका घरातनं उठून दुसऱ्या घरी जाती. तिलाच वाट ठावं.’ भर दुपारी बाराला ओटी भरायची, कुठे नेणार त्या पाण्याचं नाव घ्यायचं, आणि तिथे पोचेपर्यंत लेकीने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कारण त्या तिचंच ऐकतात, आणि बोललेला शब्द खरा धरतात.

जेसीबी आला त्या दिवशी काकूने आबांना सांगितलं होतं, तनीला बोलवा. पण जमीन घेणारे तिथेच उभे होते. त्यांना सांगितलेलं, वारस एकच आहे. काकूने पुन्हा म्हटलं, अवो, लेकीला बोलवा. तेव्हा आबा काठावर उभे राहून सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, ‘मला लेक न्हाई.’

काकू म्हणाली, त्यांनी ऐकलं ना गं. लेकच नाही, तर जायचं कुणासंगं? वर दगडमाती पडली. मग जिथं पाण्याला जागा मिळाली तिथं आल्या.

मी घरी येऊन आबांच्या गोळ्या दिल्या. पाणी पाजलं. तोंड पुसलं. पेला त्यांच्या दातावर आपटला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलने सांगितलं, आता पाणी काढता येणार नाही. किडनी बसतेय. काढलं तर टेबलावरच जातील. नातेवाइकांना बोलावून घ्या.

आबा शुद्धीवर असले की एकच बोलतात. ‘तने, ओटी भर. घेऊन जा त्यास्नी.’ म्हणजे यांना सगळं माहीत होतं! पोट फुगायला लागलं तेव्हापासून माहीत होतं. दादाकरवी मला बोलावलं ते सेवेला नाही, प्रेमाने तर नाहीच. माझे हात पाहिजे होते.

नाही भरणार. मेले तर मरू देत.

पलंगाखाली फरशी ओली आहे. पुसते, पुन्हा ओली. पाइप तपासले. कोरडे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

त्यांना श्वास घेता येत नाही. पोट छातीवर चढलंय. कातडी चकाकते, आत काहीतरी सरकतं. हाताचे तळवे, लहान लहान, आतून टेकवलेले. अमोनिया त्यांच्या डोक्यात गेलाय, माझ्या नाही.

आज पुनमचा फोन आला. माझा आवाज ऐकून रडायला लागली. आई, तुला आजोबांचा राग येतो ना, मग एवढं कशाला करतेस? फोन ठेवल्यावर मी आबांच्या कानाशी जाऊन ओरडले, म्हणा, मला लेक आहे म्हणा. एकदा म्हणा. त्यांनी श्वास गोळा केला. ‘हाय. मला लेक हाय. तनुजा.’

एवढंच हवं होतं मला. जमीन गेली खड्ड्यात.

उद्या बाराला भरते ओटी.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं. पण—

नीट लिहिते. भर दुपार, काकू शेजारी. दगड तर गाडले गेलेले, म्हणून फरशीवर तांदळाच्या सात मुठी, त्यावर सात सुपाऱ्या. हळदकुंकू, हिरवे खण, दहीभात. भामा नदीच्या डोहाचं नाव घेतलं. सगळं पदरात बांधलं आणि उचललं. तांदूळ आणि सुपाऱ्या, किती जड असणार? मला दोन्ही हात लावावे लागले. पाठीमागे आबांनी मोठा श्वास सोडला. पोट खाली बसत गेल्याचं काकूने पाहिलं.

बाहेर रिक्षा सांगून ठेवली होती. फाटकापर्यंत गेले. नेमकी दादाची गाडी आत आली. हॉस्पिटलने त्यालाही फोन केला होता. त्याने खाली उतरून माझ्या पदराकडे पाहिलं. बाप कसा आहे विचारलं नाही. ‘काय घेऊन चाललीस गं घरातलं?’ म्हणाला.

इतकी वर्षं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. काकू मागून हात हलवत होती, नको, नको. मी ओरडले, ‘माझा वाटा! तुमच्या घरातला माझा वाटा आहे हा, मी माझ्या घरी नेतेय!’

रस्त्यावरच्या ट्रेलरवाल्यांनीही ऐकलं.

पदरातलं वजन एकदम गेलं. रिकामं फडकं हातात असावं तसं. मी डोहावर गेले, सगळं सोडलं. तांदूळ बुडाले. सुपाऱ्या बुडाल्या. काकू वाटभर माझ्याकडे बघत नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आबा उठून बसले. चहा मागितला. पोट सपाट, डोळे निवळले. डॉक्टर चमत्कार म्हणतात. दादा त्यांना पिंपळे गुरवला घेऊन गेला, आता बरे झालेत ना, आता चालतील वहिनीला.

मी काळेवाडीला आले. आबांनी निघताना डोक्यावर हात ठेवला. मग हात काढून घेतला, पटकन, ओला लागल्यासारखा.

१ मार्च, शनिवार

परकराची नाडी पुरत नाही. अंगठी निघत नाही. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि पडलेलाच राहतो.

मीठ सोडलंय. काय उपयोग.

४ मार्च, मंगळवार

सोनोग्राफी केली. पोटात पाणी आहे. लिव्हर ठणठणीत. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा स्क्रीन बघते, मग हे पाणी कशाचं? मी हसले. वाटा आहे म्हणाले. दादाला जमीन आली, मला विहीर.

पुनम पोटावर हात ठेवून म्हणाली, आई, आत कुणी टिचकी मारतंय.

तिला दापोडीला पाठवलं, बन्सीच्या बहिणीकडे. रडली. शिव्या देऊन पाठवलं.

७ मार्च

काकूला फोन. दुसऱ्या पाण्यावर पुन्हा नेता येतील का? म्हणाली, येतील. पण तू आता त्यांची विहीर झालीस. विहीर स्वतः कशी उचलंल? लेकीलाच उचलावं लागंल. तुझ्या लेकीला.

म्हटलं, पोरगी आहे ती. वाटेत काही बोलली तर? रडली तर? आई म्हणाली तर?

फोन ठेवला. काकूला शपथ घातलीय, पुनमला सांगायचं नाही. दादालाही नाही.

९ मार्च

आडवं होता येत नाही. बन्सी उशीला उशी लावून बसवतात. त्यांना काही सांगितलं नाही, ते लगेच पुनमला आणतील.

दुपारी गातात. आतून. आई विहिरीवर म्हणायची तेच. माझ्यावर रागावल्या नाहीत त्या. त्यांना इथे आवडलंय. ह्याचीच भीती वाटते.

बोलायला तोंड उघडलं की पाणी येतं. गार. शेवाळाची चव.

११ मार्च

दादा बोलला. दादा! आयुष्यात कधी बहिणीसाठी काही केलं नाही, आणि आता केलं. काकूकडून काढून घेतलं आणि पुनमला फोन केला, तुझी आई वाचेल, फक्त तू ये. चांगलं करतोय म्हणे. मेल्या, आताच चांगला व्हायचं होतं तुला?

बन्सीची ह्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, ते कामावर. खाली गाडी थांबलीय. दादाची. काकूचा आवाज. आणि तिचा— विचारतेय, तांदूळ निवडून घ्यायचे का, खण सातच ना.

बारा वाजत आलेत.

दाराला कडी घालायला उठता येत नाही. ओरडले, पाणीच आलं. डायरी भिजतेय.

आत सगळ्या उठून उभ्या राहिल्यात. लेकीची वाट बघतायत.

आबांच्या एका शब्दावर त्या जागेवरून हलल्या नव्हत्या. तोच शब्द पाहिजे. तोंडाने म्हणता येत नाही. लिहिलेलं चालतं का, काकूला विचारायला हवं होतं—

जिन्यात पावलं. पुनम, मागे फिर. बाळा—

बाळा नाही. तू कोण. मी ओळखत नाही तुला. ऐका गं बायांनो, ऐका, वाचा, मला लेक नाही. मला लेक नाही. मला ले—